मोल दिल्याने ऋण फिटते काय?

दोन प्रदेश शेजारी असले म्हणजे त्यांच्यात देवघेव होतेच. एकाकडे पाणी असते, दुसऱ्याकडे पैसा. एकाकडे भात पिकतो, दुसऱ्याकडे कारखाने चालतात. ही देवघेव वाईट नव्हे. परंतु तिच्याविषयी एक प्रश्न विचारावयास पाहिजे. ज्याच्यापासून घेतले त्यास मोल दिले, म्हणजे त्याचे आपल्यावरील ऋण फिटले काय?

हा प्रश्न मुळशीस नवा नाही. मुळा व नीला ह्या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, ते मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळावी म्हणून. मुळेचे पाणी मूळचे पूर्वेस पुण्याकडे जावयाचे. ते पश्चिमेस वळवून सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे सोडावयाचे व त्या जोरावर यंत्रे फिरवावयाची, अशी ती योजना होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये कंपनीसाठी जमिनी घेतल्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ह्यांस ‘सेनापती’ हे नाव ह्याच लढ्याने दिले. १९२४ साली लढा संपला. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली, आणि आंबेमोहोर पिकविणारी खाचरे पाण्याखाली गेली.

दोन्ही बाजू पाहणे न्यायाचे होय. त्या विजेने गिरण्या चालल्या, आणि त्या गिरण्यांत घाटावरच्या व कोकणातल्या हजारो गरिबांस भाकर मिळाली. पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या, तरी भिऱ्याची यंत्रे थांबली नाहीत. तेथून कुंडलिका नदीत उतरणाऱ्या पाण्यावर कोकणातील शेतेही भिजतात. म्हणून धरण म्हणजे केवळ अनर्थ, असे कोणी म्हणू नये.

परंतु मोल कोणास मिळाले? पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावे झालेल्या होत्या. सावकारास जमीन म्हणजे पैशाचे तारण. तिचे पुन्हा पैसे झाले तर त्याचे काही बिघडत नव्हते. कसणाऱ्या कुळाची गोष्ट निराळी. त्याचे काम, त्याची गुरे, त्याचे सोयरे, सर्व त्याच खोऱ्यात होते. अहाब राजाने नाबोथास मळ्याच्या बदली अधिक चांगला मळा किंवा रोख रक्कम देऊ केली होती, हे आपणांस ठाऊक आहे. ती बोली काही हलकी नव्हती. पाप झाले ते पुढे, नाबोथाचा नकार राजास सोसला नाही तेव्हा. ह्यावरून माझ्या मते उत्तर असे निघते: ज्यास ‘नाही’ म्हणता येत होते त्याचे ऋण मोलाने फिटते, ज्यास ‘नाही’ म्हणण्याची मोकळीकच नव्हती त्याचे केवळ मोलाने फिटत नाही.

आता दुसऱ्या एका शेजाराकडे पाहा. भूतान देशात वांगचू नदीवर चुखा येथे ३३६ मेगावॉटचे वीजगृह भारताच्या पैशाने बांधले गेले. त्यात ६० टक्के अनुदान होते व ४० टक्के कर्ज. १९८६ ते १९८८ ह्या काळात ते चालू झाले व पुढे भूतानच्या स्वाधीन करण्यात आले. भूतानच्या गरजेपुरती वीज ठेवून उरलेली भारत विकत घेतो, आणि तिचे दाम भूतानच्या तिजोरीत जातात. भूतान लहान, भारत मोठा. तथापि करार करणे न करणे भूतानच्या हाती होते, म्हणून तो व्यवहारात भागीदार राहिला. मुळशीच्या कुळास असा करार कोणी विचारलाच नाही.

१ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्याने हे काही अंशी ओळखले आहे. त्यात कुळांची व शेतमजुरांचीही बाधितांत गणना होते, आणि खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. हे चांगले झाले. परंतु कायदा मोठ्या व्यवहारांस पुरेल. गावातल्या व्यवहारांस आपले मन हवे. सर्वांच्या सोयीचा रस्ता किंवा पाण्याची टाकी पुष्कळदा एखाद्या विधवेच्या तुकड्यावरच येते, कारण तिचा नकार ऐकणारा कोणी नसतो. अशा वेळी, बंधुभगिनींनो, आपण घेणाऱ्यांच्या बाजूस असतो. तेव्हा बैठकीत ठराव होण्यापूर्वी आपल्यापैकी एकाने तरी उठून विचारावे की, तिला विचारले काय, आणि ती नको म्हणाली तर आपण थांबणार काय? थांबणे अशक्यच असेल, तर पैसे देऊन मोकळे होऊ नये. पुढील पेरणीस तिच्या घरी काय आहे, हे जाऊन पाहावे.