पट्टी कुणासाठी सोडली?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या महिन्यात गुरुवारच्या सत्संगात 'दया' या विषयावर बोलणं चाललं होतं. दया म्हणजे दुसऱ्याचं दुःख न बघवणं, असं एका ताईंनी सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण बरकतपुऱ्याहून काचीगुड्याला घरी चालत येताना ते वाक्य मनात खुपत राहिलं. दुसऱ्याचं दुःख मला बघवत नाही, म्हणजे दुःख कुणाचं आणि बघवत नाही कुणाला? हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही, नातवाच्या हाताच्या पट्ट्यांमुळे पडला. पत्रकाचं काम बघणाऱ्या ताई म्हणाल्या, लिहून द्या. सूनबाईला आधी वाचून दाखवलं, ती 'चालेल' म्हणाली, म्हणून लिहिते.

आमचं बाळ जन्मलं ते ओठ फाटलेला आणि टाळू दुभंगलेली घेऊन. टाळू म्हणजे तोंडातलं वरचं छत, डोक्यावरची टाळू नव्हे. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाला असं काहीतरी असतं, म्हणजे तसं फार दुर्मिळ नाही. पुष्कळांनी 'स्माईल पिंकी' हा माहितीपट पाहिला असेल, २००९ साली त्याला ऑस्कर मिळालं. त्यातली मिर्झापूरकडची लहानगी याच कारणाने एकटी पडली होती. आपल्या हैदराबादेत या शस्त्रक्रियांची चांगली सोय आहे. सैदाबादेत डॉ. गोस्ला श्रीनिवास रेड्डी यांची संस्था त्यासाठी नावाजलेली आहे, आणि स्माईल ट्रेनसारख्या संस्था देशभर ठिकठिकाणी ही ऑपरेशनं मोफत करवून देतात. कुणाच्या ओळखीत असं बाळ असेल तर लपवू नका, लवकर दाखवा. आम्ही मुलाच्या ऑफिसच्या विम्यामुळे दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. ओठ चौथ्या महिन्यात शिवला, टाळू तेराव्या महिन्यात. बोलायला लागायच्या आत टाळू जोडलेली बरी, नाहीतर शब्द नाकातून येतात.

एक गोष्ट आधीच कबूल करते. बाळ झालं तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झाली, ग्रहण पाळलं नसेल म्हणून. मी पदवीधर आहे, इतकी वर्षं सत्संगाला जाते, आणि तरीही मी सुनेला विचारलं, "ग्रहणात तू सुरी हातात घेतली होतीस का गं?" ती काही बोलली नाही. ओठ आणि टाळू पोटातल्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जुळून येतात, न जुळण्याची कारणं आईच्या सुरीत नसतात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तोपर्यंत प्रश्न विचारून झाला होता. पुढचं सगळं या पार्श्वभूमीवर झालं, म्हणून सांगितलं.

टाळूचं ऑपरेशन गुरुपौर्णिमेच्या आधी दोन दिवस होतं. त्या वर्षी मी प्रसादाच्या सेवेला आले नाही, ते यामुळेच. शुद्धीवर आलेल्या बाळाला आणलं तेव्हा दोन्ही हातांना कापडी बाह्या होत्या. त्यांत डॉक्टर जीभ दाबायला वापरतात तशा लाकडी चपट्या काड्या शिवलेल्या आणि वर वेलक्रोचे बंद. खांदा हलतो, बोटं हलतात, फक्त कोपर वळत नाही. म्हणजे हात तोंडापर्यंत जात नाही. टाके ओले असताना बोट किंवा खेळणं आत लागलं आणि शिवण उसवली तर तोंडाला आणि नाकाला जोडणारं भोक राहतं, खाल्लेलं नाकातून येतं, आणि मग पुन्हा ऑपरेशन. दवाखान्यातल्या आयाने निघताना दखनीत बजावलं, "अम्मा, दो हफ्ते हात मूँ में नक्को, बिल्कुल नक्को."

मोठ्या माणसाचा हात बांधला तर त्याला कारण सांगता येतं. तेरा महिन्यांच्या लेकराला काय सांगणार? त्याच्या लेखी आदल्या दिवशीपर्यंत हात होते, आज नाहीत. नुकतंच धरून उभं राहू लागलेलं, आता तोल गेला की सावरता येईना. रांगता येईना. आणि आमचं बाळ अंगठा चोखणारं. झोप यायची तर अंगठा हवा. ते हात विमानासारखे पसरून आमच्याकडे बघायचं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, 'हे तुम्हीच केलंत ना?' एवढंच होतं. असं मला वाटायचं. मुलगा म्हणाला, तुझं तूच वाचतेस त्याच्या डोळ्यांत.

आपल्या ग्रुपवर मी प्रार्थनेसाठी लिहिलं तेव्हा एका दादांनी उत्तर दिलं होतं, यशोदेनेही कृष्णाला बांधलंच होतं की, म्हणून तर तो दामोदर. भाव चांगला होता. पण मी भागवतातला तो भाग पुन्हा वाचला, तर यशोदेने बांधलं ते दह्याचं भांडं फोडलं म्हणून, लोणी चोरलं म्हणून, आणि बांधून ती घरकामाला निघून गेली. उखळ ओढत तो झाडांपर्यंत गेला, झाडं कोसळली, आणि दोर सोडला तो नंदाने. गोड कथा आहे, पण आमच्या उपयोगाची नव्हती. आम्हाला बांधून कामाला लागायची सोयच नव्हती.

कारण पट्टी बांधण्यापेक्षा ती सांभाळण्याचंच काम जास्त. दिवसातून तीन वेळा एकेक हात सोडायचा, दोन्ही एकदम नाही. एकीने बाळाला मांडीवर घट्ट धरायचं, दुसरीने कोपर हळूहळू वाकवून सरळ करायचं, घाम पुसायचा, कातडी कुठे लाल झालीय का बघायचं, बोटं गार पडलीत का बघायचं, आतलं मलमलचं कापड बदलायचं आणि पुन्हा बांधायचं. खाणं म्हणजे पेज, वरणाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, आमच्याकडची रागी-जावा. सगळं कोमट, चमचा ओठाच्या कडेला टेकवून, आत न घालता. प्रत्येक वेळी वरून उकळून गार केलेलं पाणी. सूनबाई हे सगळं घड्याळ लावून करायची. वहीत लिहायची. मला ते कोरडं वाटायचं, खरं सांगते. मनात यायचं, आई आहे की नर्स?

पाचवी रात्र. रविवार होता, आमच्या भागातलं बोनालू. गल्लीत उशिरापर्यंत डप्पू वाजत होते, बाळ तीनदा दचकून उठलं. दोनच्या सुमाराला ते रडायला लागलं ते थांबेचना. पसरलेले हात पलंगाच्या कठड्यावर आपटत होतं. चार रात्री न झोपलेली सून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. मी बाळाला उचलून देवघराच्या खोलीत आणलं. नाम घेतलं, थोपटलं, फेऱ्या मारल्या. मग माझ्याच्याने राहवेना. उजव्या हाताचा वेलक्रो चर्रकन् ओढला. हात सुटला, अंगठा थेट तोंडात गेला आणि एका मिनिटात बाळ शांत. त्या शांततेने मला इतकं बरं वाटलं की गुरुमाऊलींच्या फोटोकडे बघून मी हात जोडले. त्यांनीच मला ही बुद्धी दिली, असं समजले. आणि भिंतीला टेकून मलाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा झबल्याचा गळा लाल लाळेने भिजला होता.

सूनबाईला उठवलं. ती म्हणाली, "पट्टी?" मी म्हणाले, "सुटली वाटतं आपोआप." माझ्या तोंडून हे कसं निघालं मला आजही कळत नाही, पण एका क्षणाचाही विचार न करता निघालं. रात्री तीन वाजता दवाखाना गाठला. तिथल्या तरुण डॉक्टरने बॅटरीने बघितलं. टाके शाबूत होते, कडेला थोडं पाझरलं होतं. घरी पाठवलं.

दोन दिवसांनी तपासणीला गेलो तेव्हा मोठ्या डॉक्टरांपुढे सूनबाई मान खाली घालून म्हणाली, "सर, त्या रात्री माझीच चूक झाली. मी पट्टी नीट लावली नव्हती." आधी ग्रहणाचा दोष तिच्या माथी, आता हा. मी तिथेच सांगून टाकलं, पट्टी मी सोडली होती. डॉक्टरांनी चष्मा काढला, थोडं हसले, आणि म्हणाले की या पट्ट्या लावाव्यात की नाहीत यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. १९९३ साली इंग्लंडमधल्या सर्जन मंडळींनी काही बाळांना पट्ट्या लावून आणि काहींना न लावता बघितलं, तर टाळू भरून येण्यात फरक दिसला नाही. तेव्हापासून बरेच जण लावत नाहीत. "मी लावतो, कारण घरी गेल्यावर मुलाच्या हातात काय येईल ते मला माहीत नसतं. पण म्हणून घाबरू नका."

आता बघा मनाची गंमत. त्या क्षणी मला अस्सा मोकळा श्वास आला! म्हणजे पट्टी नसती तरी चाललं असतं. म्हणजे मी काही चुकले नव्हते. ही सुटका मी दोन दिवस मनात घोळवली, आणि मग ती पटेनाशी झाली. इंग्लंडातली ती गोष्ट रात्री दोन वाजता मला कुठे माहीत होती? मला माहीत होतं एवढंच, की सोडायची नाही. निष्पन्न काय झालं हा हिशोब वेगळा, आणि त्या वेळी माझ्या मनात काय होतं हा वेगळा. डॉक्टरांनी माझा पहिला हिशोब मिटवला, दुसरा ते मिटवूच शकत नव्हते.

गुरुमाऊली आपल्याला पुन्हा पुन्हा सांगतात, कृतीच्या आधी 'हे कुणासाठी' असं विचारावं. मी त्या रात्रीला हे विचारून बघितलं. रडणं बाळाचं होतं, पण असह्य मला होत होतं. पट्टी सोडल्यावर त्याला बरं वाटलं हे खरं, पण मला त्याहून जास्त बरं वाटलं. मी त्याचं दुःख कमी करत नव्हते, माझ्या कानांवर पडणारं कमी करत होते. सूनबाईलाही ते रडणं ऐकू येत होतंच की पाच दिवस. ती ते ऐकत बसायची, त्याच्याजवळ, हात न सोडता. मी ज्याला कोरडेपणा म्हणत होते त्याला काय म्हणावं, हे मला सत्संगातल्या त्या व्याख्येत सापडलं नाही.

याचा अर्थ बांधणारा नेहमी बरोबर, असं कुणी घेऊ नये. मला उलटीच भीती वाटते. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून आपण घराघरांत किती बांधतो! मुलीचं शिक्षण बारावीला बांधतो, सासऱ्यांचं बाहेर जाणं बांधतो, आणि वर दयेचं नाव देतो. बाळाच्या पट्टीला चौदा दिवसांची मुदत होती. दिवसातून तीनदा ती सोडून खालची कातडी बघितली जात होती. आपण घरात बांधलेल्या पट्ट्या शेवटच्या कधी सोडून बघितल्या? माझ्या मुलीला मी एकविसाव्या वर्षी पुण्याला शिकायला जाऊ दिलं नाही. खाली लाल झालंय का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

तपासणीहून परतताना रिक्षात सूनबाई बराच वेळ गप्प होती. मी म्हणाले, "खोटं बोलले गं मी, माफ कर." ती म्हणाली, "आई, तुम्हाला सहन झालं नाही ते समजू शकते. मला उठवायचं होतंत. दोघींनी मिळून बसलो असतो." त्यापुढे आम्ही रात्री वाटून घेतल्या.

आणखी एक सांगायचं राहिलं. देव-दानवांच्या जेवणाची गोष्ट आपण प्रवचनांत खूपदा ऐकली आहे. ब्रह्मदेव दोघांनाही पंगतीला बसवतात आणि सगळ्यांच्या कोपरांना फळ्या बांधतात. दानव लाडू वर उडवून झेलायला बघतात आणि उपाशी राहतात, देव समोरासमोर बसून एकमेकांना भरवतात. मला ती नेहमी जरा बनवलेली गोष्ट वाटायची. नवव्या दिवशी दुपारी मी चहाबरोबर मारी बिस्किट खात होते. बाळाने माझ्या बशीतला तुकडा उचलला. स्वतःच्या तोंडाकडे न्यायला गेलं, हात वळेना. थोडा वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिलं आणि मग ताठ हाताने तो माझ्या तोंडात कोंबला. मी खाल्ला. त्याला इतकं हसू आलं! पुढचे पाच दिवस हाच खेळ. आजीला, आईला, दूधवाल्याला, सगळ्यांना भरवणं. ते काही संत नाही, आजीचं तोंड दाबलं की उघडतं हे यंत्र त्याला सापडलं होतं. पण देवांना निदान समोरच्याकडून परत घास मिळत होता. या पठ्ठ्याच्या वाट्याला बिस्किट येणारच नव्हतं.

चौदाव्या दिवशी पट्ट्या निघाल्या. कोपरं जरा वेळ तशीच ताठ राहिली, त्यालाही आठवत नव्हतं बहुतेक. मग अंगठा तोंडात गेला. सूनबाईने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघींनी तो जाऊ दिला. संध्याकाळी चहाच्या वेळी त्याने बिस्किटाचा तुकडा उचलला आणि सवयीने माझ्यापुढे धरला. "आई, आता तुम्ही नका खाऊ, त्याला द्या," सूनबाई आतून ओरडली. मी तो दुधात बुडवून मऊ केला आणि त्याच्या हातात परत दिला.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
— एक सेविका, काचीगुडा, हैदराबाद