राखीव वेळेचा धर्म

जो मनुष्य प्रत्यक्ष काम करत नाही, पण कोणत्याही क्षणी कामावर बोलावला जाऊ शकतो आणि त्या बोलावण्यासाठी सज्ज राहण्यास बांधलेला असतो, त्याचा तो काळ कोणाचा मानायचा? हा प्रश्न वरवर कामगार कायद्याचा वाटतो. परंतु काळ, कर्म आणि संमती या तिन्हींचा संबंध त्यात येत असल्यामुळे तो मुळात धर्मचिंतनाचा आहे. हवाई वाहतुकीत तो रोजच्या व्यवहारात उभा राहतो. एखादा वैमानिक आजारी पडतो, दिल्लीत धुके पसरते, विमानात बिघाड निघतो. अशा वेळी उड्डाण अडू नये म्हणून प्रत्येक कंपनी काही वैमानिकांना ठरलेले उड्डाण न देता राखून ठेवते. या राखीव कामगिरीला वैमानिकांच्या बोलीत ‘स्टँडबाय’ म्हणतात. तिचे मुख्य प्रकार दोन : एकात गणवेश घालून विमानतळावरच बसून राहायचे असते, तर दुसऱ्यात घरी किंवा हॉटेलात थांबून, बोलावणे येताच ठरलेल्या मुदतीत विमानतळावर हजर व्हायचे असते.

दुसरा प्रकार बाहेरच्याला सुखाचा वाटतो, कारण माणूस घरीच असतो. प्रत्यक्षात तो अधिक गुंतागुंतीचा आहे. बॅग भरलेली, गणवेश इस्त्री करून टांगलेला, फोनचा आवाज पूर्ण मोठा, आणि नेमणुकीच्या तळापासून दूर कोठेही जायचे नाही, अशा अवस्थेत तास जातात. छत्रपती संभाजीनगरातून वैमानिक झालेला तरुण मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद अशा तळाच्या शहरात भाड्याच्या घरात राहत असेल, तर त्या दिवशी बोलावणे आले नाही तरी तो तेथल्या चिकलठाणा विमानतळावर उतरून घरच्या साखरपुड्याला हजर राहू शकत नाही. याहून अवघड प्रश्न झोपेचा आहे. बोलावणे पहाटे तीनच्या उड्डाणाचे येईल की सकाळी दहाच्या, हे ठाऊक नसेल, तर झोपायचे कधी? दिवसा आज्ञेने झोप लागत नाही आणि रात्री झोपावे तर मध्येच उठावे लागण्याची धास्ती. एखाद्या राखीव दिवशी वैमानिकाकडून काहीच काम घेतले गेले नाही, असे रोस्टरवर, म्हणजे कामाच्या वेळापत्रकावर, दिसते. परंतु त्याच्याकडून त्याचा दिवस घेतला गेलेला असतो.

वैमानिक संघटना आणि कंपन्या यांच्यातील वाटाघाटींत या दिवसाचे मोल ठरवण्यावरून तंटा होतो. राखीव तासांपैकी किती तास कर्तव्यात मोजायचे, त्यांचे वेतन किती, बोलावणे किती आधी द्यायचे, एकदा जाहीर केलेले रोस्टर किती वेळा बदलायचे, हे त्यातले ठरावीक मुद्दे. अमेरिकेत 1926 च्या रेल्वे लेबर अॅक्टखाली हवाई कंपन्याही येतात. त्या कायद्यानुसार जुना करार मुदत संपली तरी रद्द होत नाही, केवळ दुरुस्तीस खुला होतो; त्यामुळे मध्यस्थीच्या दीर्घ प्रक्रियेत संघटनेला संपाचे हत्यार वर्षानुवर्षे उपसता येत नाही आणि वैमानिक जुन्याच अटींवर राखीव बसत राहतात. भारतात असे सर्वंकष करार दुर्मिळ असून बराचसा भार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांवर पडतो. संघटना बांधण्याचा अनुभवही कडू आहे. 2009 च्या सप्टेंबरात जेट एअरवेजच्या वैमानिकांनी सामूहिक आजारपणाची रजा टाकली, तिचे निमित्त संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतलेल्या सहकाऱ्यांची बडतर्फी हे होते. 2012 मध्ये एअर इंडियाच्या इंडियन पायलट्स गिल्डचा संप अठ्ठावन्न दिवस चालला आणि गिल्डची मान्यताच काढून घेण्यात आली. शिवाय 2017 च्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते. ज्याला थांबण्याच्या अटी ठरवता येत नाहीत आणि लवकर निघूनही जाता येत नाही, त्याच्या संमतीला संमती म्हणावे का, येथून खरा तात्त्विक प्रश्न सुरू होतो.

या तक्रारीला महाराष्ट्रात एक उत्तर तयार असते आणि ते भगवद्गीतेच्या आधाराने दिले जाते. कर्तव्य करावे, फळाची अपेक्षा ठेवू नये. सेवेत तास मोजणे हे हलक्या मनाचे लक्षण. लोकांचा प्रवास अडू नये हा लोकसंग्रह, म्हणजे समाजाची घडी टिकवण्याचे काम, आणि त्यासाठी व्यक्तीने झिजावे. हे उत्तर गीतेला धरून नाही. निष्काम कर्माचा उपदेश कर्त्याला उद्देशून आहे. फळाचा त्याग हा कर्त्याने स्वतःच्या अंतःकरणात घेतलेला निर्णय असून, त्या कर्माचे फळ ज्याच्या तिजोरीत जाणार आहे त्याने तो कर्त्याकडून मागावा, अशी सोय त्या उपदेशात कोठेही नाही. अर्जुनाला निष्काम होण्यास सांगणारा श्रीकृष्ण त्याच युद्धात शस्त्र न धरता सारथ्य पत्करून लगाम हाती घेतो. उपदेश करणारा स्वतः त्याच रथावर आहे. मालकाने नोकराला ऐकवलेला निष्काम कर्मयोग हा मालकाच्या सकाम कर्माचा भाग असतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथात कर्मयोगाची बाजू समर्थपणे मांडली आहे. पण ज्या शिक्षेमुळे ते मंडालेला गेले, त्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी जुलै 1908 मध्ये सहा दिवस काम बंद ठेवले होते, हेही त्याच इतिहासात आहे. कर्मयोग आणि कामगारांची सामूहिक कृती एकमेकांविरुद्ध उभी करण्यासाठी टिळकांचे नाव वापरता येणार नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात याहून थेट विचार आहे. अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, तसेच अति झोपणाऱ्याला आणि जागत राहणाऱ्याला योग साधत नाही, असे तेथे सांगितले आहे. आहार, विहार, झोप आणि जागृती यांत प्रमाण राखणे ही योगाची अटच आहे. मग ज्या व्यवस्थेत कर्त्याला स्वतःच्या झोपेचे प्रमाण राखता येत नाही, ती व्यवस्था त्याच्या कर्मयोगाच्या मुळावरच येते. हे केवळ शास्त्रार्थापुरते नाही. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीपुढील दरीत कोसळले आणि 158 माणसे मेली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत असे आढळले की कॅप्टन उड्डाणाचा बराच काळ गाढ झोपेत होता, आणि उठल्यानंतरही काही काळ बुद्धीवर राहणारा झोपेचा अंमल हे अपघाताचे एक साहाय्यक कारण होते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना वारंवार दिली, तरी कॅप्टनने ती मानली नाही. पहाटे दोन ते सहा या वेळात मानवी शरीराची सावधता सर्वांत खाली गेलेली असते, मनुष्य कितीही निष्ठावान असला तरी. निष्ठेने झोप भरून निघत नाही.

विमानातल्या क्षणाचे मोल छत्रपती संभाजीनगरला वेगळे समजावण्याची गरज नाही. 26 एप्रिल 1993 रोजी चिकलठाण्याहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला धडकले आणि 118 पैकी 55 जणांचा अंत झाला. विमानाचे नाक उचलण्यास झालेला उशीर आणि रस्त्यावरची रहदारी रोखण्यातील हयगय ही कारणे चौकशीत पुढे आली. थकव्याचा संबंध तेथे जोडलेला नाही. तथापि काही सेकंदांच्या विलंबाने काय होते, हे त्या घटनेने दाखवले. म्हणूनच वैमानिकाच्या विश्रांतीचा सौदा केवळ मालक आणि नोकर या दोघांत पुरा होत नाही. मागच्या खुर्चीत बसलेला तिसरा मनुष्य वाटाघाटीच्या मेजावर कधीच नसतो, पण कराराचा परिणाम त्याच्या देहावर होतो.

विश्रांतीचा नियम स्वतःच्या सुखासाठी नसून परपीडा टाळण्यासाठी असतो, हा विचार या जिल्ह्याच्या डोंगरांत कोरलेला आहे. अजिंठा, पितळखोरा, वेरूळ आणि शहराला लागून असलेल्या औरंगाबाद लेण्यांतील विहारांचा संबंध वर्षावासाशी येतो. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी भ्रमंती थांबवून एका जागी राहणे. विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या ग्रंथात, या नियमाची उत्पत्ती दिली आहे : भिक्षू पावसात हिंडत असल्यामुळे कोवळे गवत आणि बारीक जीव त्यांच्या पायांखाली चिरडले जातात, अशी तक्रार लोकांनी केली आणि त्यावरून बुद्धांनी थांबण्याचा नियम घालून दिला. भिक्षू दमतात, हे त्याचे कारण नव्हते. या नियमाला बोलावण्याचा अपवादही होता. आजारी सहकारी किंवा आईवडील यांच्यासारख्या निकडीच्या कारणासाठी भिक्षूला जाता येई, परंतु सात दिवसांच्या आत परतावे लागे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या नियमात थांबणे, बोलावणे, बोलावण्याचे मान्य कारण आणि त्याची कमाल मर्यादा या चारही गोष्टी स्पष्ट आहेत. आजच्या राखीव वैमानिकाची मागणी नेमकी एवढीच आहे.

संघाचे निर्णय कसे होत, हेही येथे विचारात घेण्यासारखे आहे. महत्त्वाचा विषय आधी प्रस्ताव म्हणून मांडायचा, तो तीनदा घोषित करायचा, मान्य असणाऱ्याने मौन राखायचे आणि अमान्य असणाऱ्याने बोलायचे, अशी रीत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील भाषणात लोकशाही कार्यपद्धती भारताला नवी नाही हे सांगताना याच भिक्षुसंघाचा दाखला दिला, आणि पुढच्याच वर्षी छत्रपती संभाजीनगरातच त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे राहिले. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादाची आठवण देणारे ‘मिलिंद’ हे नाव त्याला लाभले. राजाने वाद घालायचा तर पंडितांच्या रीतीने घालावा, राजाच्या रीतीने नव्हे, कारण राजा आपल्याशी असहमत होणाऱ्याला शिक्षा करतो, अशी अट नागसेनाने त्या संवादाच्या आरंभीच घातली होती. वाटाघाट कशाला म्हणावी याची याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण. संघटना बांधणाऱ्याला बडतर्फ करणारा पक्ष राजाच्या रीतीने बोलत असतो.

ही कसोटी संघटनांनाही लागू होते आणि तेथे वैमानिकांची बाजू पूर्णतः निर्मळ नाही, हे सांगितले पाहिजे. अमेरिकी कंपन्यांत रोस्टर ज्येष्ठतेनुसार वाटले जाते. ज्येष्ठ वैमानिक ठरलेल्या आणि सोयीच्या फेऱ्या निवडतात आणि राखीव दिवस बहुधा यादीच्या तळाशी असलेल्या नव्या लोकांच्या वाट्याला येतात. म्हणजे ज्या अन्यायाविरुद्ध संघटना कंपनीशी भांडते, त्याची अंतर्गत वाटणी तिनेच मान्य केलेली असते, आणि करारासाठी मत देणारे बहुसंख्य लोक तो भार उचलणारे नसतात. भिक्षुसंघातही ज्येष्ठता होती, ती वर्षावासांच्या संख्येवर मोजली जाई, आणि तिच्यामुळे वंदन व आसनाचा मान मिळे. परंतु जे संघाच्या सामायिक मालकीचे, त्यावर ज्येष्ठतेच्या बळावर अडवणूक करू नये, असा निर्बंधही सोबत होता. राखीव दिवस हा संघटनेचा सामायिक भार आहे. तो कायम कनिष्ठांवर टाकणारी संघटना धर्माची भाषा अर्धीच बोलते.

सज्जतेचे, दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी उभे राहण्याचे, आदर्श रूप पाहायचे तर संत एकनाथांची देवगिरीवरची कथा आहे. परंपरा अशी सांगते की किल्लेदार जनार्दनस्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला, तेव्हा एकनाथांनी गुरूंची समाधी न मोडता त्यांचा पोशाख आणि शस्त्रे चढवली, किल्ला राखला आणि सर्व काही पुन्हा जागच्या जागी ठेवून दिले. राखीव माणसाची याहून थोर कथा नाही. मात्र तिचे तेज कशात आहे, हे नीट पाहावे लागेल. एकनाथांना कोणी नेमले नव्हते, बोलावले नव्हते. सज्जता त्यांच्या प्रेमातून आली होती. तीच कृती हुकमाने करवून घेतली असती, तर ती नोकरी झाली असती, आणि नोकरीला वेतन, मर्यादा व विश्रांती लागते. स्वेच्छेने दिलेल्या सेवेची थोरवी सांगून सक्तीच्या सेवेचे मोल बुडवणे हा त्या कथेवरही अन्याय आहे.

एकनाथांचीच दुसरी कथा या प्रश्नात अधिक दूर नेते, आणि ती सेवा घेणाऱ्याची आहे. पैठणच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे कावडीने पाणी भरत होता. तो साक्षात श्रीकृष्ण होता हे कळल्यावर नाथांना धन्यता वाटण्याआधी दुःख झाले, की आपण देवाला राबवले. ज्या नाथांनी तहानलेल्या गाढवाला गंगेचे पाणी पाजले, त्यांनासुद्धा घरच्या गड्याचे कष्ट बारा वर्षे पुरते दिसले नव्हते. सेवा सुरळीत चालू असते तोवर ती देणारा मनुष्य दृष्टीआड राहतो.

डिसेंबर 2025 मध्ये तो दृष्टीसमोर आला. डीजीसीएने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलेले नियम, ज्यांत आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली होती आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली होती, दिल्ली उच्च न्यायालयातील दाव्यानंतर जुलै आणि नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यांना पुरतील इतके वैमानिक न ठेवल्यामुळे इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, एका दिवशी तर हजाराहून अधिक. ताटकळलेल्या प्रवाशांचे हाल खरे होते. सरकारने त्यांच्यासाठी मार्ग काढला तो असा, की रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून त्या कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट मिळाली, आणि साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा धरू नये ही तरतूद सर्वच कंपन्यांसाठी मागे घेण्यात आली. कंपनीच्या नियोजनातील तूट वैमानिकाच्या झोपेतून भरून काढण्यात आली आणि वैमानिक संघटनांनी या सवलतीला विरोध नोंदवला. ज्याची विश्रांती खर्ची पडणार होती, त्याला आधी विचारून, बदल्यात काय देणार हे लिहून, सूट किती रात्रींपुरती हे मोजून तीच व्यवस्था करता आली असती. तशी ती केली असती, तर प्रवाशालाही आपल्या तिकिटात कोणाची रात्र मोडली आहे, हे समजून विमानात बसता आले असते.