पत्रा तापवला होतास का?

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी ती वसवली, असं सांगतात. दिवसा तिथे बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागे, इतकी ठोकाठोक चाले. त्या आळीत दोन भाऊ होते. घरोघरी गीझर आले, बंबाला कुणी विचारेना, तेव्हा थोरल्याने शहाणपणा केला. दुकानाचा दर्शनी गाळा स्वतःच्या नावावर करून घेतला, त्यात स्टीलची भांडी मांडली आणि धाकट्याला मागची पडवी दिली. वाट्याच्या पैशांचं विचारलं की म्हणे, "दिवाळीला बघू." दिवाळ्या येत गेल्या.

धाकट्याचं म्हणणं खरं होतं, हे आधीच सांगून टाकतो. बोधकथेत रागावलेला माणूस शेवटी बहुधा चुकीचा निघतो. इथे तसं नाही, अन्याय झालाच होता.

पण तो त्याच्या हातात उतरला. घंगाळ मठारायला बसला की पहिला घाव गाळ्याच्या नावाने, दुसरा पैशांच्या, तिसरा आईच्या आजारपणात दादा कुठे होता त्याच्या. मठारकामात भांडं सारखं फिरवत राहायचं असतं. घाव एकाला लागून एक, ओळीने पडले की पत्र्याला बळकटी येते आणि अंगावर ती चकाकी उठते. याचं भांडं मध्येच फिरायचं थांबे, हातोडी मात्र चालूच. एका आठवड्यात दोन घंगाळं काठाशी चिरली.

शेजारच्या भट्टीवर एक म्हातारे मामा बसत. त्यांनी चिरलेलं घंगाळ उचललं, टिचकी मारून कान दिला.

"पत्रा तापवला होतास का?"

"तापवायला डोकं ठिकाणावर हवं ना, मामा. दादाने माझं..."

"दादाचं नाही विचारलं. पत्र्याचं विचारतोय."

तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं, आणि कडक झाल्यावरही ठोकत राहिलं की चिरतं. म्हणून तांबट मध्ये थांबतो, भांडं लाल होईस्तोवर तापवतो, पाण्यात बुडवतो. पोलादाला असं केलं तर ते उलट कडक होईल. तांबं नरम पडतं आणि पुन्हा घाव घ्यायला तयार होतं. धाकट्याला हे ठाऊक नव्हतं थोडंच? लहानपणी भाता त्यानेच ओढला होता.

"एकाच जागी ठोकत बसलायस, बाबा," मामा म्हणाले. "पत्रा काय नि माणूस काय. कधी केलं नाहीस असं काहीतरी घडवायला घे. त्यात लक्ष घालावं लागेल, मग दादाला पुरवायला उरणार नाही."

उपदेश त्याला मुळीच आवडला नाही. रात्री जेवताना बायकोला तक्रारीच्या सुरात सांगितला, तर ती म्हणाली, "मग घ्या की घडवायला. कोपऱ्यातल्या त्या बंबाचं काहीतरी करा, नाहीतर मोडीत तरी घाला. रोज माझ्या पायाला लागतो."

बंबाचा आतला नळा जळून गेला होता, तोटी गळकी होती, पण बाहेरचं अंग धड होतं. सकाळी त्याने नळा काढला, अंग मधोमध कापलं आणि वरच्या अर्ध्याचा टांगता दिवा करायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण मग एकेक अडचण पुढे येऊ लागली. उजेड खाली पडावा म्हणून आतून कल्हई करावी का? भोकं पाडली तर नक्षी भिंतीवर उमटेल, पण ती पाडायची कशी? पहिली काही भोकं कडेला फाटली. तेव्हा पत्रा तापवून नरम केला, लाकडी ओंडक्यावर पालथा घातला आणि पुन्हा पाडली. मग होल्डर बसेना. बायकोने ठेवलेल्या चहावर साय धरली. संध्याकाळी हात धुताना त्याच्या ध्यानात आलं, दिवसभरात गाळ्याची आठवण एकदाच झाली होती, तीसुद्धा असा दिवा टांगायला तिथलं छत पुरेसं उंच आहे का, या विचारात.

गाळा काही परत मिळाला नाही, पैसेही नाहीत. त्याने त्यांच्यावर पाणी सोडलं असंही नाही. कागद ट्रंकेत जपून ठेवले आहेत, आणि माझ्या मते ते योग्यच केलं. हातोडी तेवढी त्या भांडणातून सुटली. पहिला दिवा तिरका लटके, दुसरा बरा जमला, तिसरा एका खानावळवाल्याने नेला आणि आणखी सहा सांगून गेला.

एके दिवशी थोरला पडवीत डोकावला.

"हे काय नवीन? कितीला देतोस?"

धाकट्याने भाव सांगितला.

"एक मला कर. गाळ्यात लावतो. आपल्या हिशेबात धर."

"हिशेबात नको, दादा," पत्र्यावर भोकांच्या खुणा करता करता धाकटा म्हणाला. "रोख दे. आणि वायर तुझी तू आण."