एका ‘हो’चं धैर्य

आजचं वाचन : योहान १८:१०–२७ आणि १ पेत्र ३:१५



सोमवारी ऑफिसात हमखास येणारा प्रश्न : “काय मग, संडेला काय केलंस?” आणि आपल्यापैकी कितीतरी जणांचं ठरलेलं उत्तर : “काही नाही रे, घरीच.” दोन तास उपासनेत बसलो, गीतं गायलो, प्रभुभोजन घेतलं, ते सगळं त्या ‘काही नाही’मध्ये गडप! हे खोटं बोलणं आहे, की नुसतं गप्प राहणं? हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, “प्रत्येक ठिकाणी धर्म कशाला आणायचा?” मुद्दा अगदीच चुकीचा नाही. म्हणूनच आज पेत्राकडे बघू या.

पेत्र भित्रा होता असं आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. पण योहानाचा अठरावा अध्याय सलग वाचून बघा. त्याच रात्री, थोड्याच वेळापूर्वी, हत्यारं घेऊन आलेल्या जमावासमोर त्याने एकट्याने तलवार उपसली आणि मल्ख नावाच्या दासाचा कान कापला. भित्रा माणूस असं करत नाही. मग दारावरच्या दासीने, तोही येशूच्या शिष्यांतला आहे का, एवढंच विचारलं तेव्हा त्याला काय झालं?

ती त्याला उपदेश करायला सांगत नव्हती. त्रैक्याचा सिद्धांत समजावून सांग, असंही म्हणत नव्हती. एका शब्दाचं उत्तर हवं होतं : ‘हो’. पण बाहेर थंडी होती, शेकोटी त्या लोकांची होती, आणि ‘हो’ म्हटलं असतं तर त्या वर्तुळातली ऊबदार जागा गेली असती. मला वाटतं आपली भीतीही बहुधा हीच असते. सिंहांच्या गुहेत कोणी टाकणार नसतं. कँटीनच्या टेबलावरची खुर्ची, ट्रेकचा ग्रुप, ‘आपल्यातलाच आहे’ ही भावना जाईल असं वाटतं.

तलवारीचं धैर्य आपल्याकडेही भरपूर आहे बरं का. कोणी ख्रिस्ताबद्दल वाकडं लिहिलं की कमेंटमध्ये आपण कसे तुटून पडतो! (कान कापल्यावर समोरचा ऐकणार कशाने, हा प्रश्न वेगळा.) तोच माणूस लंचला डबा उघडून प्रार्थना करताना मात्र मोबाईल बघत असल्याचं नाटक करतो.

पुढे पत्र लिहिताना पेत्र सांगतो की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. ‘उत्तर’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘अपोलोगिया’ हा शब्द आहे, न्यायालयात आपली बाजू मांडण्यासाठी वापरला जाणारा. एवढा भारदस्त शब्द, आणि त्याला जोडून सौम्यता! शिवाय उत्तर म्हटलं की आधी कोणाचा तरी प्रश्न आला. आणि आपण कोण आहोत हे लपवून ठेवलं, तर विचारणार कोण?

आपल्या मराठी मंडळीची एक गोष्ट इथे आठवते. नारायण वामन टिळक रेल्वेने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या, त्याही संस्कृत काव्यावर. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नवा करार दिला आणि वाचत राहा म्हणाला. टिळक वाचत राहिले, डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले, आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाने वाद घातला नाही. आधी त्याने समोरच्या माणसाची आवड ऐकून घेतली, आणि स्वतःचा विश्वासही लपवला नाही.

आपल्या राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म उघडपणे मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. काहींना हे अडचणीचं वाटतं. मला विश्वासाच्या दृष्टीनेही ते बरोबर वाटतं. माझ्या हाती फक्त साक्ष आहे. मन बदलणं हे पवित्र आत्म्याचं काम. म्हणून मी टीम लीड असेन, तर अप्रेझल माझ्या हाती असलेल्या ज्युनिअरला चर्चला चल म्हणताना दहादा विचार करीन. तिथे त्याचं ‘हो’ मोकळं नसतं.

आणि ज्यांना घरात नाव काढलं तरी घर सोडावं लागेल, अशांना मी ‘धीट व्हा’ असं सहज म्हणणार नाही. निकदेम रात्री आला, तरी प्रभूने दार लावून घेतलं नाही. पुढे वधस्तंभाजवळ सुगंधी द्रव्यं घेऊन तो आलाच, स्वतःच्या वेळेला.

अजून एक. कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला शब्द नव्या करारात दोनदाच येतो : अध्याय १८ मधल्या त्या अंगणात, आणि अध्याय २१ मध्ये समुद्रकिनारी. दुसरा विस्तव प्रभूने स्वतः पेटवलेला आहे, वर मासळी ठेवलेली. तिथे पेत्राला पुन्हा तीनदा विचारलं जातं, पण आधी जेवायला बसवून.

प्रार्थना : प्रभू, उद्या सोमवार आहे. कोणी सहज विचारलं तर सहज सांगता येऊ दे. आणि समोरचा बोलत असेल तेव्हा मला ऐकता येऊ दे. आमेन.