उशाचा विळा

एका गावात एक आशाताई होती. गरोदर बायकांची नोंद ठेवायची, त्यांना तपासणीला न्यायचं, बाळंतपण झालं की घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला पाहायचं, हे तिचं काम. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिच्या सहा भेटी ठरलेल्या असत: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी.

गावाच्या कडेला एक घर होतं. त्या घरातल्या सुनेला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण सुनेची आई ती लहान असतानाच गेली होती. सासू म्हणाली, "इथंच होऊ दे. मी आहे ना." आणि ती बोलल्याप्रमाणे वागली. तिने डिंक, खारीक, अळीव आधीच आणून ठेवलं होतं. आतली खोली सारवून घेतली, बाजेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली. सुनेच्या कानाला फडकं बांधलं. आणि उशाशी विळा ठेवला. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड असलं की वाईट काही जवळ येत नाही, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी आशाताई आली. तिने बाळाला झोळीच्या काट्यावर तोललं. दोन किलो सातशे ग्रॅम भरलं. नाळ पाहिली, ताप पाहिला, बाळ नीट ओढतं का ते पाहिलं. मग सुनेला विचारलं, "तू कशी आहेस गं?"

"बरी आहे," सासू म्हणाली. "खाते, पिते. दूधही उतरलंय."

आशाताईने वहीत लिहिलं आणि ती पुढच्या घरी गेली.

सातव्या दिवशी सून रडत होती. कशाने, ते तिलाही सांगता येईना. सासू म्हणाली, "ओली बाळंतीण रडतेच." आशाताईलाही प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात पुष्कळ जणींना रडू येतं, दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप थांबतं. तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. चौदाव्या दिवशी आशाताई आली तेव्हा सून रडत नव्हती. तिचे डोळे कोरडे होते. बाळाचं वजन वाढलं होतं. "तू कशी आहेस?" या प्रश्नाला पुन्हा सासूनेच उत्तर दिलं आणि सुनेने मान हलवली. वहीतला सगळा रकाना भरला.

एकविसाव्या दिवशी आशाताई उन्हाची आली. पडवीत पाय ठेवताना तिला भिंतीच्या कडेला विळा दिसला. बाळंतिणीच्या उशाचा विळा बाहेर कसा, असं तिला वाटलं. सासू म्हणाली, "रोजचं झालंय बघ. संध्याकाळी मी उशाशी ठेवते, सकाळी तो इथं असतो. विचारलं तर काही बोलत नाही."

आशाताई आत गेली. बाळ झोपलं होतं. सून मात्र भिंतीला टेकून बसली होती, रात्रभर तशीच बसली असावी. कोनाड्यातला लाडवांचा डबा भरलेलाच होता. आशाताईला एकदम आठवलं, सातव्या महिन्यात तपासणीला नेलं होतं तेव्हा ही म्हणाली होती, मला झोप लागत नाही, जीव घाबरतो. तेव्हा रांगेतली एक जण म्हणाली होती, पहिलटकरणीला असं होतंच. आणि सगळे तेवढ्यावर गप्प झाले होते.

"आत्या," आशाताई सासूला म्हणाली, "आज बाळाला तुम्ही बाहेर न्या. मला हिला तपासायचंय."

दार लोटलं गेलं. आशाताई बाजेवर तिच्याजवळ बसली. वही तिने उघडलीच नाही.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

आशाताई उठली नाही. बाहेर सासूच्या अंगाईचा आवाज येत होता. बराच वेळ गेला.

"तो विळा बाहेर का ठेवतेस?"

"इथं नको."

"का गं?"

"भीती वाटते."

"कुणाची?"

"माझीच," सून म्हणाली.

मग ती बोलू लागली. बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही. डोक्यात नको ते येतं. रात्री विळ्याकडे नजर गेली की अंगाला घाम फुटतो, म्हणून मी उठून तो बाहेर ठेवते. विहिरीकडे जात नाही. याला माझ्यापेक्षा चांगली आई मिळायला हवी होती. आई नसलेल्या बाईला आई होता येत नाही, असंच मला वाटतं.

आशाताईने तिला मध्ये थांबवलं नाही. असं बोलू नये, असंही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "कुणी कानात बोलल्यासारखं ऐकू येतं का? बाळ आपलं नाही असं वाटतं का?" सून म्हणाली, "नाही. बाळ माझंच आहे. म्हणून तर भीती वाटते."

"हे मी आत्यांना सांगू का?"

सुनेने जोरात नकाराची मान हलवली.

"सगळं नाही सांगत. पण तुला बरं नाही, तुला एकटीला सोडायचं नाही आणि डॉक्टरांकडे न्यायचंय, एवढं सांगू दे."

सून काही वेळाने "सांगा" म्हणाली.

संध्याकाळी घरात बोलणं झालं. सासू म्हणाली, "मी दोनदा दृष्ट काढली, अंगाराही लावला." नवरा शेतावरून आला होता. तो म्हणाला, "तिला काय कमी आहे? पोरगा झालाय, घरात कुणी वाकडं बोलत नाही. मनाच्या डॉक्टरकडे नेलं तर गाव तिला वेडी म्हणेल." तो रागावला नव्हता, घाबरला होता. बायकोला काय झालंय हे त्याला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगायची त्याला सवय नव्हती.

सासू बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. मग म्हणाली, "तुझी एक धाकटी काकू होती. तुला आठवायची नाही. तिची पोर दीड महिन्याची होती. ती अशीच जागी बसायची. लाडू शिवायची नाही. आम्ही म्हणायचो, आळशी आहे, पोरीकडे बघत नाही. एके दिवशी पहाटे ती विहिरीत सापडली. गाव म्हणालं, पाय घसरला. आम्हीही तेच म्हणालो."

ती थांबली.

"तिचा पाय घसरला नव्हता. मला तेव्हाही माहीत होतं. उद्या पहिल्या एसटीने जायचं."

त्या रात्री आशाताईने टेलिमानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून दिला. पलीकडची बाई मराठीत बोलली. रात्री घरात काय सांभाळायचं ते तिने सासूला नीट समजावलं. सासूने अंथरूण सुनेच्या खोलीत घातलं. विळा तिने उचलला आणि गोठ्याच्या आढ्याला खोचून टाकला. पुन्हा तो त्या खोलीत आला नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि सुनेला दहा प्रश्न विचारले. गेल्या सात दिवसांत मनाला कसं वाटलं, एवढ्यापुरतेच ते प्रश्न होते. हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देतेस का, झोप लागत नाही इतकं वाईट वाटतं का, आणि शेवटचा, स्वतःला इजा करावी असं मनात येतं का. ही प्रश्नावली स्कॉटलंडमध्ये तयार झाली, १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आता मराठीतही वापरतात. दहा प्रश्नांना दहा मिनिटंही लागत नाहीत. शेवटच्या प्रश्नाला सुनेने मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. रक्ताची आणि थायरॉईडचीही तपासणी सांगितली, कारण अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी मन असंच खचतं.

जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. मग ते नवऱ्याला आणि सासूला म्हणाले, "हा आजार आहे. आळस नाही, बाहेरचंही नाही. जे विचार हिच्या मनात येतात, त्यांना ती स्वतःच घाबरते. म्हणजे तिला ते नको आहेत. औषधाने आणि बोलण्याने हे बरं होतं. पण वेळ लागेल, आणि तोवर ती एकटी नको."

सासूने विचारलं, "मग पोराला अंगावर पाजायचं बंद का?"

"नाही. अंगावर पाजताना चालतात अशी औषधं आहेत. तीच देतोय." मग ते नवऱ्याकडे वळले. "आणि एक औषध तुमच्याकडे आहे. हिला रोज रात्री सलग पाच तास झोप मिळाली पाहिजे."

ते घर या एका गोष्टीला लागलं. सून संध्याकाळी दूध काढून वाटीत झाकून ठेवायची. रात्री बाळ उठलं की सासू वाटी-चमच्याने पाजायची. पहिल्या रात्री निम्मं दूध बाळाच्या गळ्यावर सांडलं. नवऱ्याने लंगोट बदलायला शिकून घेतलं. शेजारणी हसल्या, पण तो बधला नाही. आशाताई ठरलेल्या दिवसांची वाट न पाहता जाता-येता डोकावू लागली. ती कधी भाजी निवडायला बसे, कधी सुनेला घेऊन देवळापर्यंत चालून येई.

दोन आठवडे काही फरक दिसला नाही. घरातल्यांना ते दिवस फार जड गेले. नवरा म्हणाला, गोळ्या लागू पडत नाहीत. आशाताई म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत, दोन ते चार आठवडे लागतात. थांबू या."

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई सहाव्या भेटीला आली. काटा, थर्मामीटर, वही, सगळं झालं. मग तिने विचारलं, "तू कशी आहेस?"

सासूचं तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.

"आज बरी नाही," सून म्हणाली. "काल बरी होते. काल दोन घास जास्त खाल्ले. आज पुन्हा सकाळपासून जड वाटतंय."

आशाताईला इतका आनंद झाला की तिने सासूकडे पाहिलं, आणि सासूच्याही डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या दिवसांत त्या घरात त्या प्रश्नाला पहिल्यांदाच सुनेचं स्वतःचं, खरं उत्तर आलं होतं.

चौथ्या महिन्यात सून बाळाशी बडबडू लागली. सासू म्हणाली, आता गोळ्या पुरे. डॉक्टर म्हणाले, "बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायच्या. मध्येच सोडल्या तर आजार उलटतो." सासू गोळी रोज आपल्या हाताने द्यायची, डिंकाचा लाडू द्यायची तशीच.

अशी घरं थोडी नाहीत. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात गरोदर बायकांची मनाची तपासणी करून बाळंतपणानंतर संशोधक त्यांना पुन्हा भेटले होते. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ सहा-आठ आठवड्यांचं असताना १०० पैकी २३ आयांना नैराश्य होतं. त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. उलट पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या खेड्यांत संशोधक आतिफ रहमान यांनी घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्तींना अशा बायकांशी बोलायला, त्यांना धीर द्यायला शिकवलं. नैराश्यात असलेल्या गरोदर बायकांपैकी जिथे त्या नुसत्याच जाऊन आल्या, तिथे बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा शेकडा ५३ आया आजारी राहिल्या. जिथे शिकून गेल्या, तिथे २३. हे २००८ मध्ये छापून आलं. पुढे गोव्यात शेजारच्याच बायकांना शिकवून हे काम करून पाहिलं गेलं. यातली एकही बाई डॉक्टर नव्हती. आपल्याकडे बाळंतिणीला जपण्याची रीत जुनी आणि प्रेमाची आहे. शेक, धुरी, खीर, लाडू, सगळं आहे. त्या रीतीत एक प्रश्न घालायचा राहिला आहे. तो बाईला एकटीला विचारायचा, गरोदरपणापासून विचारायचा, आणि पहिलं "बरी आहे" ऐकून उठायचं नाही.

चार वर्षांनी त्या सुनेला पुन्हा दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात ती नवऱ्याबरोबर तपासणीला गेली. सिस्टरने वजन घेतलं, रक्तदाब घेतला, रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीच्या वेळी काही त्रास?"

"हो," सून म्हणाली. "बाळंतपणानंतर मला नैराश्य आलं होतं. सहा-सात महिन्यांच्या वर गोळ्या घेतल्या. या वेळी आधीपासून लक्ष ठेवा."

खोलीत आणखी दोघी बसल्या होत्या. तिने आवाज खाली केला नाही.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड पुढे ओढलं आणि वजन-रक्तदाबाच्या खाली, मोकळ्या जागेत ते लाल शाईने लिहिलं. ज्यांना एकदा हा आजार झाला त्यांना तो पुन्हा होण्याचा धोका इतरांहून जास्त असतो, हे त्यांनी दोघांना समजावून सांगितलं. दर तपासणीला ते दहा प्रश्न विचारायचं ठरलं. नवऱ्याने पुढची तारीख विचारून मोबाईलमध्ये टाकली. बाकावर बसलेल्या दोघींपैकी एक जण उठून पुढे आली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, मलाही ते प्रश्न विचारता का?"