कुळ न पुसता घास

रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाचे आईबाप कोण, हे कोणाला ठाऊक? ते पुढे केवढे होणार, हेही कळत नाही. मग त्याला घालावे तरी किती? सज्जनहो, आपल्या भूतदयेची परीक्षा इथेच होते.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. त्यांनी कुळ पुसले नाही. कोरडा घास कसा उतरेल, एवढेच पाहिले.

आपणही पिल्लाच्या अंगाकडे पाहावे. बरगड्या हाताला लागाव्यात, पण उठून दिसू नयेत. तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून ४ वेळा, सहा महिन्यांपर्यंत ३ वेळा, पुढे २ वेळा घालावे. दर आठवड्याला वजन करावे. माया म्हणून ठासून चारले, तर मोठ्या अंगलटीच्या पिल्लाची हाडे बिघडतात. आपल्याला गोड लागणाऱ्या शिऱ्यातला बेदाणा त्याला विषासारखा, कांदा-लसूणही तसेच.

आता खरी अडचण. माळकऱ्याच्या घरी मांस-अंडे शिजत नाही, आणि नुसत्या दूध-भाकरीवर वाढते पिल्लू पोसत नाही. शाकाहारावर कुत्रा जगतो. पण त्यातली प्रथिने, चुना सारे नीट बेतावे लागते. ते पशुवैद्याला विचारूनच करावे. तेवढे जमत नसेल, तर त्याला त्याचे अन्न आणून घालावे. नेम आपल्या जिभेचा आहे. त्याची किंमत मुक्या जिवाच्या हाडांनी का द्यावी?

देणाऱ्याच्या आवडीने दिले ते कौतुक. घेणाऱ्याची गरज ओळखून दिले, ती दया.