बाण जिथे लागला तिथपर्यंत



आजचं चिंतन महाभारताच्या वनपर्वातलं आहे. मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला कौशिक आणि धर्मव्याधाची गोष्ट सांगतात, तो भाग. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती कीर्तनात ऐकली असेल. मी पण ऐकली होती. पण या वेळी वाचताना एका प्रश्नावर अडकलो: जो खातो, त्याने साफसुद्धा स्वतःच्या हाताने करावं का?

प्रश्न कुठून आला ते सांगतो. माझा मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथे नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो, लोक परवाना काढून जातात. मांस लवकर थंड व्हावं, खराब होऊ नये, म्हणून हरणाचं पोट फाडून आतडी जंगलातच काढावी लागतात. त्याच्या ऑफिसातल्या एकाला गोळी झाडायला आवडते, पण हे काम बघवत नाही. दरवर्षी त्याचा मित्र करून देतो. त्यावरून जेवणाच्या सुट्टीत वाद झाला. ज्याने मारलं त्यानेच करायला नको का? भावाने फोनवर हसत विचारलं, "तुमच्या शास्त्रात यावर काही आहे का रे?"

मी म्हटलं, "आपल्याकडे कायद्याने शिकारच बंद. येऊरच्या जंगलातली हरणं नुसती बघायची. प्रश्न मिटला."

पण तो मिटला नव्हता. रविवारी आमच्या गेटवरच येऊन बसला होता.

आम्ही वागळे इस्टेटमध्ये राहतो. गेटबाहेर चेंदणी कोळीवाड्यातली एक मावशी मासे घेऊन बसते. मी दर रविवारी तिला सांगतो, "मावशी, बांगडे साफ करून ठेव, मी तोवर दूध घेऊन येतो." खरं म्हणजे दूध सकाळीच आलेलं असतं. खवले, कल्ले, पोटातली घाण, ते लालसर पाणी मला बघायचं नसतं. दहा मिनिटांनी येतो, पिशवी घेतो, जीपे करतो.

मध्यंतरी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार सुरू झाली. वास येतो, माशा बसतात, मांजरी जमतात, पाहुण्यांसमोर लाज वाटते. मावशीला तिथून उठवावं असं कमिटीला पत्र लिहायचं ठरलं. सह्या करणाऱ्यांत निम्मे तिचे गिऱ्हाईक होते. मीही सही केली. त्या रात्री तिच्याकडचेच बांगडे आमच्या ताटात होते आणि मला काही खटकलंसुद्धा नाही.

आता गोष्टीकडे येऊ. कौशिक हा तपस्वी ब्राह्मण. झाडाखाली वेद म्हणत बसला असताना वरून बगळीची विष्ठा अंगावर पडली. त्याने रागाने वर पाहिलं आणि ती बगळी मरून खाली पडली. हात लागला नाही, शस्त्र उचललं नाही, नुसती नजर! त्याला पश्चात्ताप झाला हेही खरं. पुढे भिक्षा मागताना एका गृहिणीने त्याचा ताठा उतरवला आणि धर्म शिकायला त्याला मिथिलेला पाठवलं. तिथे त्याला भेटला धर्मव्याध, मांसाच्या दुकानात बसून हरणाचं आणि म्हशीचं मांस विकणारा. गिऱ्हाइकांची गर्दी होती. कौशिक बाजूला जाऊन उभा राहिला.

(बाजूला जाऊन उभं राहणं. हे वाचलं आणि मला माझं दूध आठवलं.)

मग कौशिक त्याला म्हणतो की हे काम तुला शोभत नाही, बघून मला वाईट वाटतं. म्हणजे नजरेने जीव घेणारा माणूस दुकानात बसलेल्याला हे सांगतोय! व्याध चिडत नाही. तो सांगतो की हा घरात चालत आलेला धंदा आहे. मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. स्वतः मांस खात नाही. खरं बोलतो, आईवडिलांची सेवा करतो. आणि पुढे असं काही सांगतो की आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनीही जरा थांबावं: नांगर चालतो तेव्हाही जमिनीतले कितीतरी जीव मरतात. पूर्ण कोरडे हात कुणाचेच नाहीत.

अनुशासनपर्वात भीष्म तर हिशेबच मांडतात. आणणारा, संमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, खाणारा, सगळे त्या हत्येत भागीदार. भीष्मांचा रोख मांस सोडण्याकडे आहे, ते लपवायचं कारण नाही. ज्यांना माळ घालून सोडणं जमतं त्यांना माझा नमस्कार. मला अजून जमलेलं नाही. पण जो अजून खातोय त्याच्यासाठीही त्या यादीत एक गोष्ट आहे: कापणाऱ्याचं नाव आहे तिथेच पैसे देणाऱ्याचंही आहे. जीपे करणारा अंगठा त्यातून सुटत नाही.

मग स्वतःच्या हाताने केलं की झालं? इतकं सोपं नाही. धर्मव्याध आपल्या मागच्या जन्माची गोष्ट सांगतो. तो वेद शिकलेला ब्राह्मण होता, राजाच्या मैत्रीत धनुर्विद्या शिकला, त्याच्याबरोबर शिकारीला गेला. बाण स्वतःच्याच हाताने सोडला होता, पण त्या हाताने त्याला काही शिकवलं नाही. मृग समजून मारलेला बाण एका ऋषीला लागला होता, हे त्याला तिथपर्यंत जाऊन पाहिल्यावर कळलं. तिथूनच त्याची गोष्ट बदलली.

मला वाटतं, उत्तर इथे आहे. बाण सोडायला एक क्षण पुरतो. तो जिथे लागला तिथपर्यंत चालत जाणं जड जातं. मिनेसोटातला तो शिकारी तेवढं चालणं मित्रावर सोपवतो. मी मावशीवर सोपवत होतो, आणि वर तिच्या वासाची तक्रार करत होतो.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, "मावशी, आज साफ नको करू, तसेच दे." ती हसली, "का रे बाला, रुसलास काय?"

घरी आईने विळी दिली आणि शेजारी उभी राहिली. पहिल्या बांगड्याचं डोकं नीट निघेना. कल्ले बोटाला टोचले. तिसऱ्याच्या पोटात गाबोळी निघाली. एरवी मी ती आवडीने मागून घेतो. त्या दिवशी हातात धरून थोडा वेळ नुसताच उभा राहिलो. खाल्ली का? हो, खाल्ली. पण मोबाईल बाजूला ठेवून, आणि ताटात काही न टाकता.

संध्याकाळपर्यंत हाताचा वास गेला नाही. दोनदा साबण लावला, लिंबू चोळलं. आणि एकदम बाबा आठवले. ते इथेच वागळेत एका कारखान्यात लेथवर होते. त्यांच्या नखांतलं काळं ग्रीस कधी पूर्ण निघायचं नाही. पाचवीत असताना शाळेच्या कार्यक्रमाला ते तसेच आले आणि मी मित्रांपासून त्यांना लांब उभं केलं. त्या हातांवर माझी फी भरली जात होती. आज मी त्याच वागळेत एसीत बसून कीबोर्ड बडवतो, आणि मावशीच्या हातांना लांब उभं करायला सही करतो.

सोमवारी सेक्रेटरींना सांगून पत्रातून माझं नाव काढून घेतलं. कचऱ्यासाठी झाकणाची बादली आणि पाण्याचा एक नळ द्यावा, असं वेगळं लिहून दिलं. निर्णय अजून झालेला नाही. ग्रुपवर दोघांनी टोमणे मारले.

तुकोबा एका अभंगात देव भक्तांच्या घरी काय काय कामं करतो ते मोजून सांगतात. त्यात देव सजन कसायाकडे मांस विकू लागतो, चोखोबांबरोबर मेलेली ढोरं ओढतो. लोक नाक मुरडतात ती कामंही त्या यादीत आहेत. विठोबा तिथे असेल, तर मी दुधाच्या नावाने कुठे पळत होतो?

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं: खाणाऱ्याने निदान काही वेळा तरी स्वतः साफ करावं. त्याने पाप धुतलं जात नाही. पण आपला वाटा किती आहे ते कळतं, आणि जो रोज आपल्यासाठी ते करतो त्याला हलकं समजायची हिंमत होत नाही. अंगात बळ नसेल, वय झालं असेल, वेळच नसेल, तर दुसऱ्याकडून करून घ्यावं. फक्त तोंड फिरवू नये.

आजचा छोटा नेम: आपल्या ताटामागचं जे एक काम आपण कधी बघितलंही नाही, ते या आठवड्यात एकदा जवळ उभं राहून बघा. जमलं तर हात लावा. मी रविवारी मावशीजवळच उभा असेन, ती साफ करेपर्यंत.

राम कृष्ण हरी!